‘भूगोल घेऊन पुढे काय?’ : नगर जिल्ह्यातील पदवीच्या वाटेवरचा प्रश्न

प्रतिनिधी, अहिल्यानगर

बारावीचा निकाल लागतो आणि जिल्ह्यातील कला महाविद्यालयांत प्रवेश अर्जांची लगबग सुरू होते. अर्जातील बहुतेक रकाने भराभर भरले जातात. गाडी अडते ती मुख्य विषयाच्या रकान्यापाशी. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल अशी यादी समोर असते आणि सोबत आलेले वडील किंवा मोठा भाऊ हलक्या आवाजात विचारतो, ‘भूगोल घेऊन पुढे काय?’ या प्रश्नाला महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सहसा उत्तर नसते. असलेच तर ‘स्पर्धा परीक्षेसाठी उपयुक्त’ एवढ्या तीन शब्दांचे असते. तीन वर्षांचा, आणि नव्या रचनेत इच्छा असल्यास चार वर्षांचा काळ ज्या विषयाला द्यायचा, त्याच्याविषयी एवढीच माहिती पुरेशी नाही. भूगोलाच्या पदवीत नेमके काय शिकवले जाते, ती कोणाला मानवते आणि तिच्या जोरावर कोणती दारे उघडतात, कोणती उघडत नाहीत, हे प्रवेशापूर्वीच ठाऊक असलेले बरे.

या विषयाची प्रतिमा शाळेतच ठरून गेलेली असते. राजधान्या, नद्या आणि पिके पाठ करण्याचा विषय, इतिहासाच्या जोडीने येणारा आणि गणित-विज्ञानाच्या मानाने दुय्यम, अशी ती प्रतिमा आहे. दहावीच्या पाठ्यपुस्तकाची रचना २०१८ मध्ये बदलली आणि भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना करीत भूगोल शिकवण्यास सुरुवात झाली. हा प्रयोग चांगला होता. परंतु पाठांतराची सवय त्यामुळे फारशी मोडली नाही. दुय्यमतेचा कळस म्हणावा असा प्रसंग कोविडच्या साथीत घडला. मार्च २०२० मध्ये दहावीच्या परीक्षेतील नेमका भूगोलाचाच पेपर शिल्लक राहिला होता. तो आधी पुढे ढकलण्यात आला, नंतर रद्द झाला आणि विद्यार्थ्यांना इतर विषयांच्या सरासरीवर गुण मिळाले. एक अख्खी तुकडी भूगोलाची उत्तरपत्रिका न लिहिताच दहावी झाली आणि त्याचे कोणाला विशेष दुःख झाल्याचे दिसले नाही.

पदवीचा भूगोल मात्र या शालेय भूगोलाहून बराच निराळा आहे. अनेकांची पहिल्या वर्षी गफलत होते ती इथेच. सोपा विषय म्हणून तो घेणाऱ्याला पहिल्याच सत्रात भूरूपे, वातावरणाचे थर, वाऱ्यांची अभिसरणे आणि सागरी प्रवाह यांना सामोरे जावे लागते. हा प्राकृतिक भूगोलाचा भाग. त्यात भौतिकशास्त्राचा अंश मोठा असल्याने कला शाखेच्या विद्यार्थ्याला तो जड जातो. त्यानंतर येणारा मानवी भूगोल, म्हणजे लोकसंख्या, वस्त्या, स्थलांतर, शेती, उद्योग आणि वाहतूक यांचा अभ्यास, तुलनेने जवळचा वाटतो. पुढील वर्षांत महाराष्ट्राचा भूगोल, भारताचा भूगोल, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन, कृषी किंवा पर्यटन भूगोल असे विषय महाविद्यालयानुसार येतात. या सर्वांच्या जोडीला असते प्रात्यक्षिक. कला शाखेत राहून प्रयोगशाळेत काम करावे लागणारे विषय मोजके आहेत, भूगोल हा त्यांतला एक.

प्रात्यक्षिकाची वही हीच खरी परीक्षा

भूगोलाच्या विभागात गेल्यावर लांबट टेबले, भिंतीवरचे नकाशे आणि कोपऱ्यात तिपाईवर ठेवलेली उपकरणे दिसतात. नकाशाची प्रमाणे, प्रक्षेपणे, समोच्च रेषांवरून उंच-सखलपणाचा छेद काढणे, समपर्जन्य रेषा आखणे, टिंब पद्धतीने लोकसंख्या दाखवणे, छाया पद्धतीने घनता रंगवणे, लोकसंख्येचा मनोरा काढणे, हे सारे हाताने करावे लागते. त्याची नोंद जर्नलमध्ये होते, जर्नलवर शिक्षकांची सही लागते आणि सत्राच्या शेवटी बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षा घेतात. प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास आणि डंपी लेव्हल यांच्या साहाय्याने महाविद्यालयाच्याच आवाराचा नकाशा तयार करण्याचा उपक्रम बहुतेक ठिकाणी होतो. आपण रोज ज्या झाडाखाली उभे राहतो ते झाड कागदावर नेमके कोठे येते, हे स्वतः मोजून काढल्यावर नकाशाविषयीची समजूत कायमची बदलते. पुस्तकातील दहा पाने ते काम करू शकत नाहीत.

या सगळ्याचा पाया म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे. विद्यार्थी त्यांना ‘टोपोशीट’ म्हणतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाने देशाचे क्रमांकित चौकोन पाडले आहेत. नगर शहर ‘४७ आय’ या चौकोनात येते, तर कळसूबाईचा परिसर ‘४७ ई’मध्ये. प्रत्येक चौकोनाचे पुन्हा सोळा भाग होतात आणि त्या एकेका भागाचा नकाशा एकास पन्नास हजार या प्रमाणावर असतो, म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर हे जमिनीवरील एक किलोमीटर. पूर्वी हे नकाशे मिळवणे जिकिरीचे होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सामान्य वापरासाठी वेगळी नकाशामालिका आणली, तर फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी आणि २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणाने नकाशे व स्थानिक माहिती यांवरील निर्बंध बरेच सैल केले. आज विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर उपग्रहाची छायाचित्रे दिसतात. टोपोशीट वाचता येणाऱ्याला त्या छायाचित्रांत जे दिसते, ते इतरांना दिसत नाही.

संगणकाचा भाग आता अभ्यासक्रमात रीतसर आला आहे. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, आणि सुदूर संवेदन यांची किमान ओळख पदवीस्तरावर होते. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पैसे न भरता करता येतात. साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण असते ती संगणकांच्या संख्येची, विजेची आणि ते शिकवणाऱ्या माणसाची.

प्रयोगशाळा घराच्या दारात

जिल्ह्यातील विद्यार्थ्याने भूगोल घ्यावा असे वाटण्याचे सर्वांत सबळ कारण नोकरीच्या जाहिरातीत सापडणार नाही. ते जिल्ह्याच्या नकाशात आहे. १७ हजार ४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. २०२४ मध्ये त्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. त्याच तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आत संगमनेर गाठावे, तर तेथे सरासरीने पाचशे मिलिमीटरही पडत नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश ही संकल्पना पुस्तकात आकृतीने समजावली जाते. अकोल्याहून संगमनेरकडे येणाऱ्या एसटीच्या खिडकीत बसलेल्या विद्यार्थ्याला भातखाचरे संपून बाजरी, डाळिंब आणि कुसळी गवताचे माळ कसे सुरू होतात, हे दिसते.

सह्याद्रीतून पूर्वेकडे निघालेल्या कळसूबाई, बाळेश्वर आणि हरिश्चंद्रगड या तीन रांगांनी जिल्ह्याची पश्चिम बाजू विभागली आहे. त्यांच्या मधून प्रवरा आणि मुळा वाहतात आणि पुढे एक होऊन गोदावरीला मिळतात. दक्षिणेकडे सीना, कुकडी आणि घोड यांचे पाणी भीमेकडे जाते. नगर शहराच्या उत्तरेला डोंगरगण-वांबोरी घाटाच्या बाजूला गेले की एका बाजूचा ओघळ गोदावरी खोऱ्यात आणि दुसऱ्या बाजूचा भीमेमार्गे कृष्णा खोऱ्यात जातो. जलविभाजक म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा जवळची जागा शहरातील शिक्षकांना मिळणार नाही.

पारनेर तालुक्यातील निघोजचे रांजणखळगे तर शालेय पाठ्यपुस्तकातही पोहोचले आहेत. कुकडी नदीच्या पात्रातील काळ्या बेसाल्टमध्ये पाण्याच्या भोवऱ्यांनी गोटे गरगर फिरत राहिले आणि खडक रांजणासारखा कोरला गेला. त्याच तालुक्यात वडगाव दर्या येथे गुहेच्या छताला लवणस्तंभ लटकलेले आहेत. लवणस्तंभ म्हटले की चुनखडीचा प्रदेश डोळ्यांपुढे येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने बनलेल्या दख्खनच्या पठारावर ते कसे आले, हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी अवश्य विचारावा. पाण्यात विरघळून आलेले कॅल्शियम कार्बोनेट, खडकातील भेगा आणि झिरपण्याचा वेग असे उत्तराचे सारे धागे अभ्यासक्रमात आहेतच, ते जोडावे तेवढे लागतात.

माणसाने घडवलेला भूगोलही इथे तितकाच बोलका आहे. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी आले, ऊस आला आणि १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, राहुरी हा पट्टा बागायती झाला. काही ठिकाणी पाण्याच्या अतिवापराने जमिनी चोपण व पाणथळ झाल्या, हीदेखील त्याच कालव्यांची दुसरी बाजू. त्याच वेळी पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील कुटुंबे दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडत राहिली. एकाच जिल्ह्यातील एक तालुका ऊस पिकवतो आणि दुसरा ऊस तोडायला माणसे पाठवतो. मानवी भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्थलांतराची कारणे लिहा’ असा प्रश्न येतो तेव्हा पाथर्डीच्या विद्यार्थ्याला उत्तरासाठी पुस्तक उघडण्याची गरज नसावी. प्रत्यक्षात तो पुस्तकातलीच कारणे लिहितो आणि घरचे उदाहरण देत नाही. गुण त्यालाच मिळतात, अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

पाण्याचा प्रश्न तर या जिल्ह्याच्या राजकारणाचा कणाच आहे. त्याकडे भूगोलाच्या अंगाने पाहण्याची सवय मात्र कमी. १९७० मध्ये मंजुरी मिळालेल्या निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत कालव्याखाली येणाऱ्या गावांतील एक पिढी वाट पाहत म्हातारी झाली. गोदावरीवरील जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र नगर-नाशिकमध्ये आणि लाभक्षेत्र मुख्यतः मराठवाड्यात असल्याने दुष्काळी वर्षांत वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा वाद पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाची तरतूद आणि मेंढेगिरी समितीने सुचवलेली ६५ टक्के साठ्याची मर्यादा हे शब्द जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. त्या टक्केवारीचा पुढे फेरविचारही झाला. परंतु नदीपात्रात सोडलेल्या पाण्यापैकी किती वाटेत मुरते, किती बाष्प होऊन जाते, खोऱ्यातील भूजलाचा उपसा किती, हे प्रश्न सभेतील भाषणांनी सुटत नाहीत. ते मोजावे लागतात. मोजणे, नकाशावर मांडणे आणि त्यातून निष्कर्ष काढणे हे भूगोलाचे काम आहे.

असे मोजून गाव उभे करता येते, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने झालेल्या कामात पाणलोटाच्या बंधाऱ्यांइतकेच महत्त्व पाण्याच्या ताळेबंदाला आहे. पाऊस किती पडला यावर पिके कोणती घ्यायची हे गाव ठरवते, शेतीसाठी विंधनविहिरीला आणि उसासारख्या पिकाला तेथे मज्जाव आहे. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे काम त्याआधीचे. पाणलोट विकासात काम करणारी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्थाही १९९३ मध्ये नगरमध्येच सुरू झाली. अभ्यास सहलीसाठी बस भरून दूरच्या पर्यटनस्थळी जाणाऱ्या भूगोल विभागांनी कधीतरी पन्नास किलोमीटरच्या आतला हा पर्याय मनावर घ्यावा. सहलीचा खर्चही वाचेल.

इतिहासाच्या अंगाने पाहू जाता जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद ही प्रवरेकाठची ताम्रपाषाणयुगीन वसतिस्थाने देशभरच्या पुरातत्त्व अभ्यासकांना परिचित आहेत. १९७४ मध्ये दायमाबादला कांस्यशिल्पे सापडली. नदीकाठची काळी जमीन, उंचवटा, जवळचे पाणी, अशा कोणत्या गोष्टी पाहून माणसाने तिथेच वस्ती केली, हा वस्ती भूगोलाचा पहिला धडा आहे.

गावाचे सर्वेक्षण हा पदवीच्या अभ्यासक्रमातील जुना उपक्रम. तो बहुधा उरकला जातो. पंधरा-वीस घरांत प्रश्नावली भरायची, पाय-आकृती काढायची, अहवाल बांधून द्यायचा. या उपक्रमातून काय होऊ शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तेथे १९३० च्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टॅम्प यांनी शाळकरी मुले, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांच्या मदतीने देशातील जमिनीच्या वापराचे सर्वेक्षण केले. मुलांनी शेतोशेत फिरून नकाशे रंगवले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याचे नियोजन करताना ते नकाशे सरकारच्या उपयोगी पडले. २०२१ मध्ये होऊ घातलेली आपल्याकडील जनगणना लांबली, त्यामुळे अहवालांत २०११ चेच आकडे, म्हणजे जिल्ह्याची ४५ लाख ४३ हजार लोकसंख्या, वर्षानुवर्षे फिरत राहिली. अशा काळात एखाद्या महाविद्यालयाने दरवर्षी एकाच गावाचे पीक, विहिरींची पातळी आणि स्थलांतर नोंदवले, तर दहा वर्षांनी त्या वह्यांना सरकारी दप्तरापेक्षा अधिक मोल येईल.

नव्या धोरणात विषयाची निवड आधीच

जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४७ मध्ये सुरू झालेले अहमदनगर महाविद्यालय, नगरचेच न्यू आर्ट्स, १९६१ चे संगमनेर महाविद्यालय, श्रीरामपूरचे बोरावके महाविद्यालय, कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय, अकोल्याचे अगस्ती महाविद्यालय अशी त्यांची जुनी-नवी साखळी आहे. या पिढीतील अनेक पालकांनी बी.ए. केले तेव्हा पहिल्या वर्षी सगळे विषय सारखे असत आणि ‘स्पेशल’ विषय दुसऱ्या वर्षी निवडावा लागे. वर्षभर भूगोल चाखून पाहायला वाव होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाची नवी रचना लागू झाली. त्यात मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी श्रेयांकांची विभागणी आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स असे टप्पे आहेत. ऑनर्स केलेल्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करण्याची मुभा आहे. कागदावर ही रचना भूगोलाला अनुकूल आहे, कारण क्षेत्रीय प्रकल्प आणि कौशल्य या दोन्ही गोष्टी या विषयाच्या रक्तातच आहेत. वाणिज्य किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही खुला ऐच्छिक म्हणून भूगोलाची चव घेता येते.

काळजीची बाजू अशी की विद्यार्थ्याचा कल आता पहिल्याच वर्षी विचारला जातो. शिवाय महाविद्यालयातील प्राध्यापकांची पदे विषयाच्या कार्यभारावर ठरतात आणि कार्यभार विद्यार्थिसंख्येवर. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात सलग काही वर्षे भूगोल मुख्य विषय म्हणून निवडणारे विद्यार्थी कमी झाले, तर निवृत्त शिक्षकाची जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावरील शिक्षकावर विभाग चालतो आणि प्रात्यक्षिके कागदावर उरतात. मग पुढच्या वर्षी विद्यार्थी आणखी घटतात. उपकरणे कपाटात धूळ खात पडलेला विभाग एकदा बंद पडला की त्या तालुक्यातील मुलींसाठी हा विषय प्रत्यक्षात संपतो, कारण रोजच्या एसटीच्या पल्ल्याबाहेरचे महाविद्यालय अनेक घरांना आजही मान्य होत नाही.

नोकरीचे काय?

सर्वाधिक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठी भूगोलाकडे वळतात आणि ते अगदीच चुकीचे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत भूगोल आहे, वैकल्पिक विषय म्हणून घेतल्यास त्याच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक स्वरूपाची झाल्याने विषयाची खोली असलेल्यांना थोडा दिलासा आहे. मात्र पदवीचा भूगोल आणि आयोगाचा भूगोल यांत अंतर आहे. पदवी मिळाली म्हणजे तयारी झाली, असे मानून पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षे घालवणाऱ्यांची संख्या पाहता, या एकाच आशेवर विषय निवडणे धोक्याचे आहे.

दुसरा मोठा मार्ग शिक्षकाचा. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड., मग शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून निवड अशी ही वाट आहे. ती लांब आहे आणि भरती नियमित होत नाही. महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. पदव्युत्तर स्तरावर बी.ए. झालेल्याला एम.ए. आणि बी.एस्सी. झालेल्याला एम.एस्सी. अशी पदवी मिळते, अभ्यास जवळपास सारखाच असतो.

काही गैरसमज येथेच दूर झालेले बरे. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापकाची नोकरी भूगोलाच्या पदवीवर मिळते, असे अनेकांना वाटते. २०२१ च्या भरतीत या पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मागितला होता. भूगोलाची पदवी त्यात बसत नव्हती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील भूवैज्ञानिकाच्या पदाला भूशास्त्र लागते. भूगोल आणि भूशास्त्र हे वेगळे विषय आहेत. नावातील ‘भू’ पाहून अर्ज करणाऱ्यांचे शुल्क वाया जाते. ज्याला सर्वेक्षणातच जायचे आहे त्याने पदवीसोबत किंवा पदवीआधी आयटीआयचा विचार करावा. हा सल्ला महाविद्यालये देत नाहीत, कारण त्यात त्यांचा विद्यार्थी जातो.

खाजगी क्षेत्रातील मागणी मुख्यतः जीआयएसची आहे. पुण्यातील कंपन्यांत नकाशांचे डिजिटायझेशन, उपग्रह प्रतिमांचे वर्गीकरण, रस्ते व मालमत्तांची माहिती तयार करणे अशी कामे चालतात. सुरुवातीचे काम रटाळ आणि पगार बेताचा असतो. पुढे जातो तो ज्याला सॉफ्टवेअरखेरीज थोडे प्रोग्रामिंग आणि सांख्यिकी येते. सरकारी बाजूला नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा संस्थांत प्रकल्पनिहाय जागा निघतात, त्यांना सहसा पदव्युत्तर शिक्षण लागते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्यास सुरुवात झाली. गावोगावच्या लोकांनी आपल्या घराचा नकाशा पहिल्यांदाच पाहिला तो या निमित्ताने. पाणलोट, हवामान आणि कृषी क्षेत्रांतील स्वयंसेवी संस्थांनाही गावात फिरू शकणारी आणि नकाशा बनवू शकणारी मुले लागतात. पगार मोठे नसले तरी शिकायला भरपूर मिळते.

भाषेचा अडथळा या ठिकाणी जाणवतो. बी.ए.च्या परीक्षेत मराठीतून लिहिता येते आणि मराठीत भूगोलाचे वाचनही उपलब्ध आहे. डॉ. श्रीकांत कार्लेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीतून सातत्याने लेखन केले आहे. ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांचा १४ जानेवारी हा जन्मदिवस राज्यात भूगोल दिन म्हणून साजरा होतो. संगणकावरील सारे काम मात्र इंग्रजीत आहे. ‘समोच्च रेषा’ उत्तम समजलेल्या विद्यार्थ्याला मुलाखतीत ‘कंटूर’ हा शब्द अडखळायला लावतो. दोन्ही संज्ञा जर्नलच्या समासात शेजारी शेजारी लिहून ठेवण्याची शिस्त पहिल्या वर्षापासून लावली, तर तिसऱ्या वर्षी हा अडथळा उरत नाही.

मग प्रवेश घेताना पाहायचे काय? विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, प्रात्यक्षिकाची तुकडी किती जणांची असते, संगणकांवर क्यूजीआयएस बसवलेले आहे का, मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे गावसर्वेक्षणाचे अहवाल पाहायला मिळतील का, हे विचारावे. अहवाल कपाटातून लगेच काढून दाखवणारा विभाग आणि ‘नंतर या’ म्हणणारा विभाग यांतील फरक पालकांना वेगळा सांगावा लागणार नाही. बी.एस्सी. भूगोल मोजक्याच महाविद्यालयांत असल्याने विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने त्याची चौकशी आधी करावी. आणि चौथ्या वर्षाच्या ऑनर्सची सोय त्याच महाविद्यालयात आहे की त्यासाठी गाव बदलावे लागेल, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हा प्रश्न पडतो तेव्हा वसतिगृहांचे अर्ज भरण्याची मुदत बहुधा उलटून गेलेली असते.